पांढऱ्या साडीचा काठ

सुमनताई आल्या त्या जुनी फ्रेम काखेत मारूनच आल्या.

"आम्रपाली, हे तुझंच काम ना गं?" म्हणत त्यांनी ती काउंटरवर उताणी ठेवली.

काम आम्रपालीचंच होतं. बारावीत असताना ती कॉलेजातून आली, की वडिलांनी दिवसभरात काढलेले फोटो कॉम्प्युटरवर नीट करायला बसायची. नीट करायचं म्हणजे गोरं करायचं. आकुर्डीतल्या त्यांच्या अनोमा फोटो स्टुडिओत तेव्हा गिऱ्हाईक तेवढ्यासाठीच यायचं. फ्रेममधल्या सुमनताईंना ना सुरकुती होती, ना हनुवटीवरचा तीळ. नुकता चुना दिलेल्या भिंतीवर कुणी डोळे काढावेत तसा तो चेहरा होता.

"नात विचारती, आज्जी, ही कोण? म्हणलं, ही माझी पिठात घोळलेली बहीण." सुमनताई आपल्याच बोलण्यावर हसल्या. "माझा रंग मला माघारी दे बाई. म्हातारपणी तरी मला माझ्या तोंडानं भिंतीवर बसू दे."

आम्रपाली हसली, पण बोलणं तिला लागलं. तळवड्याच्या आयटी पार्कातली माणसं आता तिच्याकडून ऑफिससाठी फोटो काढून घेत, आणि ती त्यांना बजावून सांगे, पावडर नको, आहात तसे या. इकडे वरच्या फळीवरच्या जुन्या डिस्कमध्ये मात्र अख्खी आकुर्डी चुना फासून बसली होती.

तिनं डिस्क खाली काढली. मूळ फोटो त्यात जागच्या जागी होते. त्यांच्यावर केलेले बदल तेवढे वेगळे राहतात, हवे तेव्हा काढता येतात. सुमनताईंचा तीळ सापडला तेव्हा तिला जत्रेत चुकलेलं माणूस सापडल्यासारखं वाटलं. मग तिला नादच लागला. चेहरा उघडायचा, वरची पांढरी साय बाजूला सारायची, आणि खालून सावळं, गव्हाळ, काळंभोर माणूस वर येऊ द्यायचं. काल जे डाग म्हणून पुसलं होतं ते आज तिला देखणं दिसत होतं.

असं करत करत ती 'स्थळ' नावाच्या फोल्डरपाशी आली.

स्थळाच्या फोटोंबाबत तिच्या वडिलांचा, अण्णासाहेबांचा, एक नेम होता. लग्नासाठी दाखवायला काढलेला मुलीचा फोटो स्टुडिओच्या काचेत लावायचा नाही. फाइलीला नाव द्यायचं नाही, नुसती तारीख. ती मुलगी पुढं बाजारात भेटली तरी फोटोचा विषय काढायचा नाही. कारण लग्न जमलं तर गोष्ट वेगळी, पण मोडलं तर त्या मुलीला आपल्या तोंडावरून ते आठवायला नको. आम्रपालीला हा नेम पाठ होता. पण सगळ्यात जास्त चुना तिनं याच पोरींना फासला होता. आपण फक्त रंग बघायचा, माणूस बघायचं नाही, असं स्वतःला सांगून तिनं फोल्डर उघडलं.

आणि तिसऱ्याच फोटोत तिला कस्तुरा दिसली.

कस्तुरा म्हणजे जिच्याशी अण्णा लग्न करणार होते ती बाई. तळवड्याला गाड्यांच्या वायरी जोडायच्या एका युनिटात ती लाइनीवर होती. आम्रपालीची आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. महिन्यापूर्वी चहा ओतता ओतता अण्णांनी विषय काढला होता. नोंदणी पद्धतीनं करू, गाजावाजा नको. "पर साक्षीदार म्हणून पहिली सही तुझी. तू न्हाई म्हणलीस तर न्हाई." धाकटा भाऊ प्रितम चाकणला कंपनीत होता, त्यानं फोनवरच हात झटकले होते, "ताई, तू म्हणशील तसं." म्हणजे सगळं आम्रपालीच्या एका सहीवर येऊन थांबलं होतं, आणि ती सही ती आज-उद्या करत होती.

कुठं भेटल्या या, असं तिनं तेव्हाच विचारलं होतं. "विहारात," अण्णा म्हणाले होते. "दोन वर्षं झाली."

फोटोवरची तारीख आई हिंडती-फिरती होती तेव्हाची होती.

तिनं फोटो मोठा केला. तिशीतली कस्तुरा, तोंड पिठासारखं, अंगावर पांढरी साडी. साडीचाही नुसता लख्ख पांढरा ठिपका झालेला. चेहरा उजळवण्याच्या नादात तेव्हा सगळंच जाळलेलं. हात सवयीनं स्लायडरवर गेला. ती एकेक टिचकीनं उजेड खाली ओढू लागली. आळंदीला पहाटेचं धुकं विरताना इंद्रायणीचा पलीकडचा काठ जसा हळूहळू दिसायला लागतो, तसा त्या पांढऱ्यातून साडीचा काठ वर आला. निळा. निळ्यावर दोऱ्यानं भरलेली बारकी पिंपळपानं. खांद्यापाशी एक पान उलटं, देठ वर आणि टोक खाली.

ते उलटं पान आम्रपालीनं ओळखलं. ती तिच्या आईची लग्नातली साडी होती.

बौद्ध घरातली नवरी पांढऱ्यात उभी राहते; आईनं ती साधी पांढरी साडी घेऊन काठ स्वतः भरला होता. एक पान चुकून उलटं भरलं गेलं, ते तिनं तसंच ठेवलं. कॉलेजच्या गॅदरिंगला आम्रपालीनं हट्ट धरला होता, एक दिवस नेसू दे. आई म्हणाली होती, "ती सोडून काय पण माग." आईनं लेकीला नाही दिली ती साडी या बाईच्या अंगावर कशी? कुणी दिली? आणि आई घरात असताना दिली, की नसताना?

संशय आला की तो एकटा येत नाही, गोतावळा घेऊन येतो. आम्रपालीला एकेक आठवू लागलं. पहिल्यांदा स्टुडिओत आली तेव्हा कस्तुरा कुणी न दाखवता सरळ पडद्यामागच्या आरशाकडे गेली होती. पिना कुठल्या डब्यात असतात हे तिनं विचारलं नव्हतं. अण्णा तिला 'तुम्ही' म्हणत, पण ते 'तुम्ही' फार जुनं, मऊ झालेलं वाटत होतं, बऱ्याच धुण्यांतून गेलेल्या कापडासारखं.

अण्णा पेन्शनच्या कामानं आलेल्या एका म्हाताऱ्याचा पासपोर्ट साइज फोटो काढून आत आले. आम्रपालीनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"ह्या कोण?"

अण्णांनी चष्मा लावला, बघितलं, चष्मा काढला. "स्थळाचं फोल्डर कशाला उघडलंस?"

"रंग नीट करत होते. साडी कुणाची आहे ही?"

"फोटो तिचा हाय. तिला इचार."

"साडी आईची आहे. तुम्हालाच विचारणार ना?"

"आमू, स्थळाच्या फोटोचं मी आजवर कुणाशी बोललो न्हाई. तुझ्याशी पण बोलणार न्हाई."

"विहारात भेटल्या म्हणालात."

"विहारातच भेटल्या." तिच्या आवाजात काय आहे ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम मिटला. "चहा घेणार का?"

"नको."

त्यांनी स्वतःपुरताही केला नाही. छत्रीसारखा मोठा दिवा उगीच पुसत बसले.

दुपारी ती वर घरात गेली आणि आईचं कपाट उघडलं. साडी होती. जुन्या चादरीत गुंडाळलेली, कडुनिंबाचा वाळका पाला घातलेली. तिनं ती खिडकीत उजेडाला धरली. खांद्यावर पदर येतो तिथं कापडाला बारीक बारीक भोकं होती. पिनांची. एकदाच नेसलेल्या साडीला चार भोकं पडतील. इथं चाळणी झाली होती. ही साडी कितीदा तरी नेसली गेली होती, आणि आई तर म्हणायची, मी एकदाच नेसले.

खाली येऊन तिनं आणखी एक फोटो उघडला. दुसरीच मुलगी, तसाच पांढरा ठिपका. उजेड खाली ओढला. निळा काठ, उलटं पान. तिसरा उघडला. काठ, पान. चौथी मुलगी तिच्या ओळखीची निघाली, आता दोन लेकरांना शाळेत सोडताना रोज समोरून जाणारी. तिच्याही खांद्यावर आईचं उलटं पान. आम्रपालीनं खुर्ची मागं सरकवली. एक बाई असती तर रागावता तरी आलं असतं. इतक्या जणी बघून तिला आपल्या बापाचं काय करावं तेच कळेना.

तिनं प्रितमला फोन लावला.

"ताई, लाइन चालू आहे, पटकन."

"आईची लग्नातली साडी आठवते?"

"पांढरी? का गं?"

"अण्णा ती दुसऱ्या बायकांना नेसवत होते."

प्रितम मशीनच्या आवाजावरून ओरडला, "अण्णा? आपले? अगं, ते शेजारच्या काकूंकडून राखीसुद्धा लांबून बांधून घेतात."

"फोटो आहेत माझ्याकडे."

"फोटो तर तूच केलेस ना सगळे? मग तेव्हा नाही दिसलं?"

त्याचा सुपरवायझर आला असावा; फोन ठेवला गेला. प्रश्न मात्र मागं राहिला. तेव्हा नाही दिसलं? ते फोटो तिनं दिवस दिवस बघितले होते. बघितलं काय होतं मग?

गुरुवारी कारखान्यांची सुट्टी. कस्तुरा डबा घेऊन आली, नेहमीसारखी मागच्या दारानं. अण्णा बाहेर गेले होते. आम्रपालीनंच त्यांना लॅबमध्ये प्रिंट आणायला पाठवलं होतं.

"मावशी, बसा. एक दाखवायचंय."

कस्तुरा स्क्रीनपुढे बसली. फोटो बघताच तिचा हात तोंडाशी गेला. कुणी चोरी पकडली की जातो तसा, असं आम्रपालीला वाटलं.

"हा पुसला न्हाईस व्हय अजून," कस्तुरा म्हणाली.

"का पुसायचा?"

"नको गं, राहू दे. अण्णांना म्हणलं होतं, आमूला हे कळू द्यायचं नाही."

"काय कळू द्यायचं नाही?" आम्रपालीचा आवाज तिलाच परका वाटला. "मावशी, सरळ सांगा. माझी आई जिवंत होती. तुम्ही तिची साडी नेसून माझ्या वडिलांपुढं बसलाय. मला सही करायचीय. मला कळलं पाहिजे."

कस्तुरानं तिच्याकडे बघितलं. मग तिला हसूच आलं. आणि हसता हसता तिनं पदरानं डोळे टिपले.

"असं धरलीस होय तू. अगं, तुझ्या आईनंच नेसवली मला."

"आई आता सांगायला नाही."

"नाही ना. म्हणून तर मलाच सांगावं लागायलंय." कस्तुराची बोली जालन्याकडची, ती जीव लागला की जास्तच उमटायची. "मला पहिल्या नवऱ्यानं सोडलेलं. भाऊ म्हणला, दुसरं स्थळ बघू, फोटो काढ. ज्या स्टुडिओत जावं तिथं आधी पावडरचा डबा पुढं करायचे. इथं आले तर तुझी आई म्हणली, पावडर नको. पांढरं नेस. पांढऱ्यावरनं उजेड उसळतो अन् खालनं तोंडावर येतो, पोरगी आपल्याच रंगात उजळती. ती अक्कल तिचीच होती. अण्णा नुसतं बटण दाबायचे. ज्यांच्याकडं धड साडी नाही अशा किती पोरींना नेसवली तिनं. पिना लावता लावता गुणगुणायची बघ,

पांढऱ्या साडीला, निळा काठ मी लाविला
उजेड खालून, माझ्या बाईला भेटला.

अन् म्हणायची, माझ्या लेकीनं मागितली, पण दुसऱ्या दिवशी एक पोरगी यायची होती. लेकीला काय सांगू? स्थळाचं बोलायचं नाही ना."

सगळं पटण्यासारखं होतं, आणि म्हणूनच आम्रपालीला पटवून घ्यायचं नव्हतं. चांगली रचलेली गोष्टही अशीच पटते.

"पण हे मला का कळू द्यायचं नव्हतं? यात लपवण्यासारखं काय आहे?"

कस्तुरा खुर्चीत चुळबुळली. "फोटो घेऊन भाऊ भोसरीला गेला. त्यांना पसंत. बघायला आले. मी चहा घेऊन बाहेर आले तर मुलाची आई भावाला म्हणली, फोटोतली कुठाय? बदलून दुसरी उभी केली का? फसवायला निघालात का?" ती हे चाळीतल्या गंमतीसारखं सांगायला गेली, पण शेवटी डब्याचं झाकण उगीच घट्ट करत बसली. "उठून गेले. मी भांडायला इथं आले. अण्णांनी फोटो बघितला अन् त्यांच्या ध्यानात आलं, की पोरीनं कॉम्प्युटरवर गोरी केली. तुझी आई तुला बोलवायलाच निघाली होती. मीच थांबवलं. म्हणलं, शिकतीय लेकरू, माझ्यापायी तिच्या हातात भीती बसायला नको. तुम्ही दोघं तिला सांगायचं नाही. ते शब्दाला जागले. मग मी इकडं फिरकलेच नाही. दोन वर्षांमागं विहारात अण्णांनी ओळखलं, तर पहिलं वाक्य काय म्हणावं त्यांनी? म्हणले, बाई, त्या फोटोचं वाईट वाटतं."

इतके दिवस आम्रपाली ज्या घरात चोर शोधत होती त्या घराच्या किल्ल्या तिच्याच कमरेला होत्या. तरी संशयाचं एक टोक हातातून सुटेना.

"फोटोत आई कुठंच नाही," ती म्हणाली. "एकाही फोटोत नाही."

"असं कसं? ती कडेलाच असायची. अण्णांना भारी घाई. ती पिन लावून बाजूला व्हायच्या आत हे बटण दाबायचे, अन् ती ओरडायची." कस्तुरानं स्क्रीनच्या उजव्या कडेवर बोट ठेवलं. "हितं. हितं उभी होती."

त्या कडेला काही नव्हतं. फोटो तिथं संपत होता.

फोटो तिथं कुणी संपवला होता, ते आम्रपालीला त्या क्षणी आठवलं. स्थळाचा फोटो कसा हवा, मुलगी मधोमध, दोन्हीकडे सारखी जागा. कडेला काही आलं असेल तर ते काय आहे हे न बघताच छाटायचं. रंग तिनं दहादा तपासला होता. छाट मात्र तपासली नव्हती, कारण ती बरोबर आहे याबद्दल तिला कधी शंकाच आली नव्हती. तिनं जुनी छाट काढून टाकली.

फोटो उजवीकडे रुंदावला.

कस्तुराच्या खांद्यापाशी एक हात होता, हिरव्या बांगड्यांचा, उलट्या पानावर टेकलेला. आणि हातामागं आई. ओठांत तीन पिना धरलेली, त्यामुळे ओरडता येत नाही म्हणून डोळ्यांनीच कॅमेऱ्यामागच्या माणसाला दटावणारी. दटावता दटावता हसू फुटलेली.

दुसरा फोटो. कोपर आणि केसांचा अंबाडा. तिसरा. नुसती सावली, पण वाकण्याची ढब तीच. चौथ्यात अर्धा चेहरा, पुन्हा पिना. फोटोग्राफरच्या घरात आईचे धड चार फोटो नव्हते. सगळ्यांचे काढता काढता तिचा राहूनच गेला, असं अण्णा म्हणायचे. आणि ती इथं होती, फोटोमागून फोटो, कडेकडेनं, लेकीनं स्वतःच्या हातानं बाहेर काढलेली.

कस्तुरानं डबा उघडून आम्रपालीपुढं सरकवला. म्हणाली, "ठेचा तिखट झालाय. रडायचं असलं तर त्याच्यावर घाल."

अण्णा प्रिंट घेऊन आले तेव्हा स्क्रीनवर पिना धरलेली बाई होती. ते दारातच उभे राहिले. किती वेळ बघत होते कोण जाणे. मग त्यांनी प्रिंटचं पाकीट टेबलावर ठेवलं.

"फ्रेम चुकलीय ती. मी घाई केली."

"असू द्या," आम्रपाली म्हणाली. आणि जरा थांबून, "चहा ठेवते. घेणार ना?"

नोंदणीच्या दिवशी सकाळी पडद्यामागं, त्याच आरशापुढं, तिनं चादरीतली साडी उलगडली. कस्तुरा मागं सरली.

"नको गं. ताईंची साडी. लोक काय म्हणतील?"

"लोकांना काठ दिसत नाही मावशी. मला तरी कुठं दिसला होता एवढी वर्षं."

पावडर लावली नाही. खिडकीतून येणारा उजेड पांढऱ्यावर पडून वर उसळला आणि कस्तुराचा काळासावळा चेहरा त्यात न्हाऊन निघाला. आम्रपालीनं पिना ओठांत धरल्या आणि पदर खांद्यावर बसवू लागली.

"आमू," कस्तुरा आरशातूनच हळू म्हणाली, "सही करशील ना?"

पिनांमुळे बोलता येईना. आम्रपालीनं नुसतं "हूं" केलं.

"बाजूला हो, फ्रेममध्ये येतीस," पडदा सारून अण्णा म्हणाले, आणि तिनं पाऊल उचलायच्या आत त्यांनी बटण दाबलंच. तिनं त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं आणि शेवटची पिन लावली. ती उलट्या पानाशेजारच्या जुन्याच भोकातून आत गेली. नवं पाडावं लागलं नाही.